साठ दात

ताशी चाळीसला पोचलो की माझे पाय बेकार होतात.
पेडल फिरतं, पण कशाला लागत नाही,
रिकाम्या पातेल्यात डाव फिरवावा तसं.
खाली फवारणी पंपाचं इंजिन,
दुधाच्या डब्याची टाकी,
मधे मी, बांधलेलं सामान.

रिकिम्बिली म्हणतात इकडे अशा सायकलीला.
नाव घेतलं तरी धूर येतो.

युसिमी म्हणते, मग ठेव ना पाय स्वस्थ,
इंजिन कशाला बसवलंस?
एकोणतीस वर्षं मी पाल्मिराहून सिएनफुएगोसला पाव नेला
या मांड्यांवर.
आता त्या पाहुण्यांसारख्या अवघडून बसतात,
कुणी पाणी विचारेल म्हणून वाट बघत.

पुढचं चेनव्हील चव्वेचाळीस दातांचं.
मला साठाचं हवं होतं.
म्हणजे चाळीसच्या वेगातही पायाखाली काही जड लागेल,
त्या पळण्यात दोन आणे तरी माझे असतील.

दातांच्या कण्या केल्या.
सायकलवाला फिदेन्सियो म्हणाला,
बावन्नाच्या वरचं मी जन्मात पाहिलेलं नाही.
फुमेरोच्या विधवेने पलंगाखालचं खोकं ओढलं:
सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस, एक पन्नास,
सगळ्यांचे दात झिजून एका बाजूला कललेले,
वाऱ्यातल्या उसासारखे.
तिने ते पुसून परत ठेवले. विकायचे नव्हतेच.

शेवटी ओनेलियो.
साखर कारखाना बंद पडला तेव्हा सगळे गेले,
हा लेथपाशी राहिला, कुलूप लावायला कुणी आलंच नाही म्हणून.
रसाच्या टाकीचं झाकण होतं त्याच्याकडे,
जाड, काळं, अजून गोडसर वास येणारं.
साठ? म्हणाला. साठ सोपे.
भिंतीवरचं बंद घड्याळ उतरवलं,
काटे काढले, तबकडी झाकणावर ठेवली,
आणि मिनिटागणिक एक खूण.
दात पाडायला नऊ दिवस लागले.
तोंडात स्वतःचे सात उरलेला माणूस
कानशीने माझे साठ पाडत होता.
मी रोज कॉफी नेत होतो, आणि शेवटच्या दिवशी कोंबडी.

एकेचाळिसाव्याला दिवे गेले.
हात थांबेपर्यंत कानस एक घास जास्त खाऊन गेली.
बारीक आहे जरा, म्हणाला, पण धरेल.

ते ताटाएवढं चाक फ्रेमला घासत होतं.
तीन वायसर घातले, नळीला हातोड्याने खोलगट केली,
रंग उडाला तो उडाला.

आणि सकाळी, समुद्राकडच्या सरळ रस्त्यावर,
चाळीसला, पायांना काहीतरी लागलं!
इंजिन ओढत होतं, मीही ओढत होतो,
एका जुवाखाली जुना बैल आणि नवा,
आणि प्रत्येक फेऱ्यात एकदा
टक्,
तो बारीक दात.
पाव त्या दिवशी गरम पोचला.

परतीला पुलाच्या चढावर पेट्रोल संपलं.
पुढच्या आठवड्यापर्यंत मिळणार नव्हतं,
आणि साठ दात इंजिनाशिवाय
म्हणजे दगडाचं जातं.
दात होते तेव्हा चणे नव्हते, म्हणतात ना,
मी नऊ दिवस दात जमवले आणि चणे टाकीतून संपले.

उतरून ढकलता आलं असतं.
मागून येणाऱ्या घोडागाडीवाल्यानं तेच सुचवलं.
पण मी पेडलवर उभा राहिलो,
सगळा एकसष्ट किलोचा आणि एकसष्ट वर्षांचा.
पेडल खाली जायला इतका वेळ लागला
की मधे घोडा पुढे निघून गेला,
त्याचा पोराने उलटं बसून मला पाहिलं.

मग हळूच,
टक्.

एक फेरा.
मी दुसऱ्यासाठी हँडल घट्ट धरलं.